सतरा अंकांची ओळ

अल्लीपूर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले गाव. आम्हा तिघांपैकी एकाचे ते आजोळ. दिवाळीच्या सुट्टीत, शिवारात कापसाची वेचणी चालू असताना, आम्ही दोन दिवस तिथे राहिलो होतो. शेजारच्या घरात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहतात. वय ऐंशीच्या पुढे. गावात त्यांना नुसते 'गुरुजी' म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू. महाविद्यालयात मराठी शिकवणारे तीन जण आले आहेत हे कळल्यावर त्यांनी चहाला बोलावले आणि चहा येईपर्यंत नातीकडून पाटी मागवून तिच्यावर एक संख्या लिहिली :

१२३४५६७८९८७६५४३२१

"वाचा बरं, सर," ते म्हणाले. "आकडे नका वाचू. संख्या वाचा."

आम्हांला ती वाचता आली नाही. उजवीकडून एकं, दहं, शतं करीत निघालो, कोटीपर्यंत सुखरूप पोहोचलो, अब्जाशी अडखळलो आणि त्यापुढे तिघांची तीन मते झाली. मराठीच्या तीन अध्यापकांना मराठी अंकांत लिहिलेली एक ओळ वाचता येऊ नये, याची लाज वाटायला हवी होती. ती थोडी उशिराने वाटली. गुरुजींनी पाटी जवळ ओढली, उजवीकडचे तीन अंक सोडून बाकीच्यांच्या दोन-दोनांच्या जोड्या पाडल्या आणि एका दमात वाचले : बारा पद्म, चौतीस नील, छप्पन्न खरब, अठ्ठ्याहत्तर अरब, अठ्ठ्याण्णव करोड, शहात्तर लाख, चोपन्न हजार, तीनशे एकवीस.

अरब, खरब, नील, पद्म ही मराठी पाठ्यपुस्तकातली नावे नव्हेत. पण १९५६ पर्यंत वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता, आणि मराठीबरोबर हिंदीचाही वावर असलेल्या त्या राज्यात गुरुजी अंक शिकले. ही बाजाराची आणि वहीखात्याची मोजणी आहे. हजाराच्या पुढे प्रत्येक नावाला ती शंभर पट चढते, म्हणून जोड्या पाडल्या की काम भागते. आमच्या घरांतल्या मोजणीचे मूळ दुसरीकडे आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, दर पायरीला दहा पट चढणारी अठरा स्थाने दिली : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. ती परंपरा महाराष्ट्राच्या मातीत कशी रुजली याचा दगडावर कोरलेला पुरावा चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ काढला. त्याचा शिलालेख १२०७ चा आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. मराठी गद्याच्या आरंभाच्या तारखा आपण वर्गात मोठ्या तावातावाने शिकवतो. त्याच यादवकाळात, मराठी मुलुखाच्या एका कोपऱ्यात, गणिताचे पाठांतर चालू होते हे मात्र आपल्या टिपणवहीत क्वचितच येते.

लीलावतीच्या मोजपट्टीवर ही ओळ ठेवली तर पहिला एक 'मध्य' या स्थानावर पडतो, आणि प्रत्यक्ष मध्यावरचा नऊ पडतो 'अर्बुद' या स्थानावर. परार्धाला एकच घर उरते. या योगायोगात अर्थ शोधण्याचा मोह आम्ही आवरला. साहित्याच्या माणसांना असे मोह फार होतात.

*

ही संख्या जन्मते कशी, ते पाहण्यासाठी पाटी आणि खडू पुरेत. १ चा वर्ग १. ११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. असे एकेक एक वाढवत नऊ एकांपर्यंत गेलो की १११११११११ चा वर्ग म्हणून गुरुजींची ओळ समोर येते. कारण शाळेतल्या गुणाकाराच्या मांडणीतच दिसते. नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना प्रत्येक ओळ नऊ एकांचीच येते, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकते. नऊ ओळींचा हा तिरपा ढीग उभ्या रकान्यांत मिळवला की उजव्या टोकाला एकच एक सापडतो, त्याच्या डावीकडे दोन, मग तीन. मध्यावर नऊच्या नऊ ओळी एकमेकींवर येतात आणि तिथून पुन्हा ओसरतात. हातचा कुठेच घ्यावा लागत नाही. म्हणून आकृती स्वच्छ राहते.

तिच्या घटकांत शिरले की आणखी काही दिसते. १११११११११ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि ही शेवटची सहा अंकी संख्या अविभाज्य आहे. आपल्या ओळीत हे सगळे घटक दुप्पट होतात. तिला एकूण पंचेचाळीस विभाजक आहेत. नऊ एकांना नवाने भागले तर १२३४५६७९ येते : आठ वगळून एक ते नऊ. शाळकरी मुलांना या संख्येचा एक खेळ माहीत असतो. तिला ९ ने गुणले की सगळे एक, १८ ने गुणले की सगळे दोन, आणि असेच ८१ ने गुणले की सगळे नऊ. आता मूळ ओळीतील सतरा अंकांची बेरीज करा. ती ८१ येते. आणि या ८१ ने ती संख्या निःशेष भागली जाते. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे त्याच १२३४५६७९ चा वर्ग.

आपल्याच अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्येला गणितात 'हर्षद' संख्या म्हणतात. हर्ष देणारी ती हर्षद. हा शब्द संस्कृत, पण तो जागतिक गणिताला दिला नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळामास्तराने.

*

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना फलज्योतिषाचा नाद होता, आणि कुंडल्यांच्या आकडेमोडीतून मुलाला संख्यांची गोडी लागली असे सांगतात. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. विद्यार्थिदशेतच, १९२७ मध्ये, स्वतंत्र गणिती लेखनासाठीचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ मध्ये पदवी घेतली, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवले. त्यांच्याजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती. विद्यापीठातल्या गणितज्ञांपैकी अनेकांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. १९८६ मध्ये ते वारले.

१, १२१, १२३२१ पासून आपल्या सतरा अंकी ओळीपर्यंतच्या नऊ संख्यांना कापरेकरांनी नाव दिले 'अद्भुत डेम्लो संख्या'. डेम्लो म्हणजे डोंबिवली. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या या स्थानकात त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून स्थानकाचे नाव संख्यांना मिळाले. १९३८ मध्ये त्यांनी त्यांवर छापील लेख लिहिला, १९४८ मध्ये पुस्तक काढले. डेम्लो संख्यांचे कुटुंब या नवांपुरते नाही. २५५३ पाहा : मधे पाचाची जोडी, आणि दोन्ही टोकांच्या दोन-तीनांची बेरीज पुन्हा पाच. १६५ मध्ये तेच, सहाचे.

या माणसाची नावे ठेवण्याची रीत आम्हांला त्याच्या आकडेमोडीइतकीच लोभस वाटते. ज्या संख्या दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाहीत, त्यांना ते 'देवळाली संख्या' म्हणू लागले. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ होतात, म्हणून २१ ला जनक आहे; २० ला असा कोणी जनक नाही, ती स्वयंभू. देवळाली हे नाव इंग्रजीत याआधीच एकदा गेले होते. बोटीची वाट पाहत तिथल्या छावणीत खितपत पडलेल्या गोऱ्या शिपायांनी 'डोके फिरलेला' या अर्थी 'डूलॅली' हा शब्द घरी नेला. त्याच गावाच्या नावाने दुसऱ्यांदा जग हिंडावे ते बिनबापाच्या संख्यांच्या रूपाने, यात एक विनोद आहे; कापरेकरांनाही तो कळत असावा असे आम्ही धरून चालतो.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध संख्या मात्र चार अंकीच आहे, ६१७४. सगळे अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ येते आणि तिथून पुढे हलत नाही. १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले. आम्ही सहज त्यांचे जन्मवर्ष घालून पाहिले. १९०५ वरून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ : नेमकी सात पावले, म्हणजे सर्वांत लांबचा रस्ता. मृत्यूचे वर्ष १९८६ घातले तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ येते आणि पुढची वाट तीच. याचा अर्थ काही नाही. तरी आम्ही ते दोनदा करून पाहिले.

हर्षदाकडे परत येऊ. नऊ अद्भुत डेम्लो संख्यांपैकी हर्षद किती, हा प्रश्न आम्ही परतीच्या एस.टी.त सोडवत होतो. जितके एक घेऊन वर्ग केला त्या आकड्याचा वर्ग हीच उत्तराच्या अंकांची बेरीज असते : तीन एकांच्या वर्गात ९, नऊ एकांच्या वर्गात ८१. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की दोन एकांना दोनाने, तीन एकांना तिनाने, असे भागता येते का. ११ ला २ ने जात नाही, १११ ला ३ ने जातो, ११११ ला ४ ने नाही, पुढे ५, ६, ७, ८ साऱ्यांचे नाहीच. नऊ एकांना ९ ने जातो. म्हणजे नवांत तीनच हर्षद : पहिली १, मधली १२३२१ आणि शेवटची गुरुजींची.

*

आता वादाचा मुद्दा. हे गणित आहे का?

१९४० मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी आपले प्रसिद्ध आत्मसमर्थन लिहिले. हे तेच हार्डी, ज्यांनी रामानुजनांना ओळखले. गंभीर गणित कोणते हे सांगताना त्यांनी उलट उदाहरणे दिली. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत. ८७१२ ही २१७८ ची चौपट, ९८०१ ही १०८९ ची नऊपट. किंवा, एक सोडला तर १५३, ३७०, ३७१ आणि ४०७ या चारच संख्या आपल्या अंकांच्या घनांच्या बेरजेएवढ्या आहेत. हार्डींचे म्हणणे असे, की ही तथ्ये कोड्यांच्या सदरात शोभतील, हौशी लोकांना रमवतील, पण गणितज्ञाने त्यांत जीव गुंतवावा असे काही नाही. ती कोणत्याही व्यापक नियमाकडे नेत नाहीत. त्यांनी कापरेकरांचे नाव घेतलेले नाही. पण निकाल देवळालीलाही लागू पडतो.

साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा निकाल ओळखीचा वाटेल. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त चित्रकाव्याला तिसऱ्या, खालच्या पायरीवर बसवले, तेव्हा त्याचाही आक्षेप असाच होता : अक्षरांची कसरत आहे, व्यंग्यार्थ नाही. दोन्ही बाजूंनी सारखेच वाचता येणारे श्लोक, कमळाच्या पाकळ्यांत बसवलेली अक्षरे, हे सगळे भाषेच्या बाह्य अंगाशी खेळणे. डेम्लो संख्या हे दशमान लेखनाचे चित्रकाव्यच नव्हे काय? आपल्या हाताला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाच्या पायावर लिहितो. आठच्या पायावर लिहू लागलो तर १५३ चे कौतुक तत्क्षणी संपते.

इथपर्यंत आम्ही तिघेही हार्डींच्या बाजूचे होतो. मग पाटीवरची मांडणी पुन्हा पाहताना लक्षात आले, की आपल्या ओळीच्या बाबतीत आक्षेप पुरता लागू पडत नाही. एक, दोन, तीन असे चढत मधल्या शिखरावर जाऊन उतरणारी ती आकृती दहाच्या पायाची मिंधी नाही. कोणत्याही पायावर एकांच्या ओळीला स्वतःने गुणले की तीच आकृती उमटते. पाया फक्त ठरवतो की हातचा न घेता शिखर किती उंच नेता येईल. दहाच्या पायावर नऊपर्यंत, आठच्या पायावर सातपर्यंत. आकृती गुणाकाराची आहे, लिपीची नाही. वृत्त जसे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते आणि लघुगुरूंचा क्रम टिकवते, तसे काहीसे.

तीच आकृती संख्यालेखनाच्या बाहेरही सापडते. सापशिडीचे दोन फासे टाका. बेरीज दोन येण्याची एकच रीत, तीनच्या दोन, चारच्या तीन, सातच्या सहा, मग पुन्हा पाच, चार, तीन, दोन, एक. या रीती ओळीने लिहा : १२३४५६५४३२१. हा सहा एकांचा वर्ग, सहावी अद्भुत डेम्लो संख्या. तिच्या अंकांची बेरीज ३६, आणि दोन फाशांच्या एकूण शक्यताही छत्तीसच. नऊ तोंडांचे दोन फासे कोणी घडवले, तर त्यांचा सगळा हिशेब गुरुजींच्या पाटीवर लिहिलेला आहे. ८१ चे रहस्यही तेच. हार्डींना व्यापक नियम हवा होता. तो इथे आहे, फक्त कोड्याच्या वेषात आला म्हणून ओळखला जात नाही.

हर्षद संख्यांचेही पुढे असेच झाले. लागोपाठ किती संख्या हर्षद असू शकतात, असा प्रश्न निघाला. १ ते १० या सलग दहा आहेतच. १९९३ मध्ये कूपर आणि केनेडी या दोघा गणितज्ञांनी सिद्ध केले की दशमान लेखनात सलग एकवीस हर्षद संख्या कधीच सापडणार नाहीत. सलग वीस सापडतात, आणि असे वीस-वीसचे गट अनंत आहेत. पण त्यांतला सर्वांत लहान गटही इतका दूर आहे की त्यातल्या संख्येला चव्वेचाळीस अब्जांहून अधिक अंक आहेत. किंमत नव्हे, अंक. त्यापुढे आपला परार्ध धुळीच्या कणाएवढाही नाही. या सिद्धतेला कोणी हौशी लोकांची करमणूक म्हणेल असे वाटत नाही.

आणि हार्डींच्याच नावाशी कायमची चिकटलेली ती टॅक्सी! आजारी रामानुजनांना भेटायला ते १७२९ क्रमांकाच्या टॅक्सीतून गेले आणि संख्या नीरस आहे म्हणाले. रामानुजनांनी ती दोन प्रकारे दोन घनांची बेरीज असलेली सर्वांत लहान संख्या आहे हे तत्काळ सांगितले. तिच्या अंकांची बेरीज १९. एकोणीस एक्क्याण्णव सतराशे एकोणतीस. हर्षद आहे.

*

ज्या दशकात कापरेकर डेम्लो संख्यांवर लिहीत होते, ते १९३० चे दशक मराठी साहित्याच्या अभ्यासकाला वेगळ्या कारणाने पाठ असते. ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ चे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकर वाद त्याच काळातला, आणि अजूनही दर वर्षी कुठल्या ना कुठल्या प्रश्नपत्रिकेत तो हजर असतो. आमच्या मते याच दशकात मराठी मुलुखात अंकांविषयीही हा वाद घडला. फक्त दोन्ही पक्ष एकमेकांशी बोलले नाहीत, म्हणून कोणी त्याला वाद म्हटले नाही.

एक पक्ष अल्लीपूरच्याच जिल्ह्यातला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, आणि हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू, हे ठराव तिथे झाले. पुढे झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. या नई तालीमच्या वर्गात अंकगणित टकळीच्या टोकाशी बसून शिकायचे होते : आज किती तार सूत निघाले, कालपेक्षा किती जास्त, ६४० तारांची गुंडी पुरी व्हायला किती उरले. संख्या हाताच्या कामातून यावी आणि कामाकडे परत जावी. आमच्या भागातल्या कापूसवाल्या गावांत ही गोष्ट पटवून द्यावी लागत नव्हती.

त्याच सुमारास देवळालीत एक शिक्षक, शाळा सुटल्यावर, कशाच्याही उपयोगी नसलेल्या संख्यांच्या वह्या भरत होता.

खांडेकरांची बाजू वर्ध्याला आणि फडक्यांची देवळालीला देऊन मोकळे होता आले असते, तर हा लेख इथेच संपला असता. पण ती वाटणी टिकत नाही. जीवनासाठी कला म्हणणारे खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. त्यांचे जगणे फडक्यांपेक्षा कापरेकरांच्या जगण्याशी जास्त जुळते. आणि वर्ध्याच्या बाजूला विनोबा आहेत. झाकीर हुसेन समितीचे ते सदस्य, १९२१ पासून वर्धा परिसरात, १९३८ पासून पवनारला. शेती, कताई, भंगीकाम यांचे आयुष्यभर पुरस्कर्ते. याच माणसाने परमेश्वराखालोखाल आपले प्रेम गणितावर आहे असे पुन्हा पुन्हा सांगितले. टकळीच्या हिशेबासाठी कोणी गणितावर असे प्रेम करीत नाही. सूत मोजता मोजता कुठेतरी ते मोजणे स्वतःच गोड लागू लागते, हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी ते लपवलेही नाही.

आम्हांला या प्रश्नात रस आहे तो काही केवळ इतिहासाचा नव्हे. गेली काही वर्षे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक तक्त्यात एक रकाना असतो : या अभ्यासक्रमाचा उपयोग. ज्ञानेश्वरी शिकवून विद्यार्थ्याच्या अंगी कोणते कौशल्य येते ते दोन ओळींत लिहा. आम्ही लिहितो. भाषिक कौशल्य, संवादकौशल्य, मूल्यशिक्षण. मागच्या वर्षीचेच शब्द उतरवून काढतो. एम.ए.च्या वर्गातली बाके रिकामी होत चालली आहेत, आणि जे येतात तेही पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न विचारतात, फक्त अधिक प्रामाणिकपणे. त्यांच्या घरी कापसाच्या भावाचा हिशेब रोजचा असतो, तेव्हा त्यांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकारही आहे. आमची अडचण अशी, की तक्त्यातले उत्तर त्यांच्यासमोर देताना जीभ अडखळते.

कापरेकरांनी असला रकाना कधी भरला नसावा. मान्यता त्यांच्याकडे उशिरा आली. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा ते सत्तरीचे होते; नाव मोठे झाले ते त्यानंतर. हर्षद संख्यांचे श्रेयही सरळ राहिले नाही. १९७७ मध्ये आयव्हन निव्हेन यांनी एका परिषदेत त्यांच्यावर भाषण दिले आणि अनेक ठिकाणी त्या 'निव्हेन संख्या' झाल्या. आज दोन्ही नावे चालतात. आम्ही अर्थातच हर्षद म्हणतो, आणि यात थोडा प्रांताभिमान आहे हे कबूल करतो. पण भाषेचा माणूस म्हणूनही ते नाव श्रेष्ठ वाटते. 'निव्हेन' कोणी सांगितले ते कळवते. 'हर्षद' त्या संख्येने सांगणाऱ्याचे काय केले ते कळवते.

*

संक्रांतीला आम्ही पुन्हा अल्लीपूरला गेलो, या वेळी तयारीनिशी. ओळ दोन्ही मोजण्यांनी वाचून दाखवली, हर्षदाचे सांगितले, फाशांचे सांगितले. गुरुजींना डेम्लो नाव माहीत नव्हते. ही ओळ त्यांना त्यांच्या गुरुजींनी दाखवली होती, आणि त्यांना कोणी, ते ठाऊक नाही. "नऊपर्यंत झालं," ते म्हणाले. "दहा एक घेतले तर?"

उत्तर आम्ही वाचून गेलो होतो, तरी गप्प राहिलो, कारण नातीने पाटी केव्हाच उचलली होती. दहा ओळींचा तिरपा ढीग पाटीवर मावेना, म्हणून तिने अंगणातल्या फरशीवर खडूने मांडला आणि रकाने मिळवत निघाली. मध्यावर दहा आले, हातचा एक. पुढच्या रकान्यात नऊ आणि एक, पुन्हा दहा, पुन्हा हातचा. शेवटी जे आले ते तिने मोठ्याने वाचले : एक दोन तीन चार पाच सहा सात, नऊ, शून्य, शून्य, नऊ आठ सात सहा पाच चार तीन दोन एक. एकोणीस अंक. लीलावतीची नावे अठरावर संपतात. पहिल्या एकाला बसायला तिथे घरच नाही.

"डावीकडचा आठ कुठे गेला?" गुरुजींनी विचारले.

"माझंच कुठंतरी चुकलं," ती म्हणाली, आणि ओल्या फडक्याने सगळे पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडू लागली.